वन्संच्या दोन खोल्या

लिही. सावकाश लिही, मी काही पळून जात नाही.

तुझी आत्याआजी. तुझ्या आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण मी त्यांना वन्संच म्हणायची. त्यांचं मला सांगायचंय. घरात सगळे एवढंच सांगतात की बाई खडूस होती, सख्ख्या वहिनीची नोकरी घालवली. घालवली, खरंच घालवली. पण का घालवली ते कुणी नीट सांगत नाही. आणि ज्या दिवशी मला ते कळलं, त्या दिवशी मी अशी हादरले की आजही बोलायला घेतलं की तळहाताला घाम येतो. हात लावून बघ. बघ!

आधी त्यांचा स्वभाव लिही. कुठलीही गोष्ट त्या दोघांना विचारायच्या, आणि ते दोघं एकमेकांना ओळखत नसले पाहिजेत. डॉक्टरने गोळ्या दिल्या की दुसऱ्या गल्लीतल्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवायच्या. दाराला दोन कुलपं, तीही दोन दुकानांतली. माझं लग्न ठरायच्या आधी माझी चौकशी करायला त्यांनी दोन बायका पाठवल्या होत्या, एकीला दुसरीचा पत्ता नाही. एकीने येऊन सांगितलं, मुलगी फार बोलते. दुसरीनेही सांगितलं, मुलगी फार बोलते. तेव्हा वन्सं सासूबाईंना म्हणाल्या, "आई, एवढं एक नक्की झालं. बाकीचं पदरात पडेल तसं घेऊ."

हस, हस. मलाही नंतर हसू आलं. तेव्हा नव्हतं आलं.

आमच्या घरात त्या एकट्याच शिकलेल्या. लाकडाच्या फळ्या चिकटवायचा गोंद बनवतात ना, त्या कारखान्यात त्या तपासनीस होत्या. नवीन मशीन आलं की ते धड चालतं का बघायचं आणि कागदावर सही करायची. त्यांची सही नाही तर मशीन चालू नाही. तुझे आजोबा त्याच कारखान्यात, पण खाली, हंड्यावर. हंडा म्हणजे पाण्याचा हंडा नव्हे गं. दोन मजली घराएवढं लोखंडी भांडं, त्यात गोंद शिजायचा. आणि त्या गोंदाची खोड अशी, की एकदा तापायला लागला की मग त्याला जाळाचीही गरज नाही. आपला आपण तापत जातो, तापत जातो, आणि वेळेवर गार पाणी सोडलं नाही तर झाकण उडवून बाहेर.

ते होऊ नये म्हणून वर एक डबा बसवला होता. कॉम्प्युटरचा. त्याला वायर, वायरीच्या टोकाला थर्मामीटर, तो हंड्याच्या पोटात. गोंद फार तापला की डब्याने आपणहून गार पाणी सोडायचं आणि जाळ बंद करायचा. बरं, डबाच बिघडला तर? म्हणून शेजारी दुसरा डबा. अगदी तसाच. त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा, आतला प्रोग्रामही तोच. साहेब पाहुण्यांना दाखवायचे, "एक झोपला तर दुसरा जागा आहे."

एक दिवस भर दुपारी दोन्ही झोपले.

एकदम. एकाच क्षणाला. त्या डब्याच्या आत म्हणे एक मोजणी चालू असायची, डबा सुरू केल्यापासून किती वेळ झाला त्याची. ती मोजणी वाढत वाढत गेली आणि एका आकड्यापाशी तिची जागा भरली. पुढे मोजायला जागाच नाही, डबा थिजला. आणि दोन्ही डबे एकाच सकाळी, एकाच बटणाने चालू केलेले! मग दोघांची जागा एकाच क्षणी भरणार नाही तर काय? वरचे आकडे जिथल्या तिथे, खाली गोंद तापतोय, आणि कुणाला काही पत्ता नाही.

झाकण उडालं तेव्हा तुझे आजोबा हात धुवायला बाहेर आले होते, म्हणून वाचले. त्यांचा जोडीदार शिडीवर होता. त्याच्या दोन्ही हातांची कातडी हातमोजा काढल्यासारखी निघाली. मी इस्पितळात बघून आले. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आणि हे, तुझे आजोबा, रात्रंदिवस आपलेच हात बघत बसायचे.

साहेब सगळ्यांना एकच विचारत फिरत होते, "पण दुसरा डबा होता ना? दुसरा का नाही चालला?"

वन्सं म्हणाल्या, "साहेब, दुसरा डबा नव्हताच. एकच होता. आपण तो दोनदा विकत घेतला होता."

मग ठरलं की पुन्हा दोनच डबे बसवायचे, पण वेगळे. नुसते रंगाने वेगळे नाहीत. वेगळ्या कंपनीचे, आणि आतला प्रोग्राम वेगळ्या माणसांनी लिहिलेला, वेगळ्या रीतीने. म्हणजे एकाने चूक केली तर दुसऱ्याच्या हातून नेमकी तीच चूक होणार नाही. कारखान्याच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर दोन खोल्या दिल्या, एक जिन्याच्या डाव्या बाजूला, एक उजव्या. डाव्या खोलीत चार जण, त्यांचा पुढारी जाड चष्म्याचा. उजव्या खोलीत चार जण, त्यांची पुढारी एक उंच मुलगी. आणि वन्संनी कडक नियम घातला. डाव्यांनी उजव्यांशी बोलायचं नाही. जेवायची सुट्टी वेगळ्या वेळी. कागद वेगळ्या कपाटात, किल्ल्या वन्संच्या कमरेला. दोन्ही खोल्यांना हंड्याची माहिती लिहिलेला एकेक कागद दिला होता. अडलं तर चिठ्ठी लिहून वन्संना विचारायचं. खाली हंड्यावर जायला बंदी, कारण तिथे दोन्हीकडचे भेटले तर बोलतील.

आता या दोन खोल्यांना चहा कोण देणार? दिवसातून चार वेळा आत जाणारं माणूस. कागदाकडे नजर गेली तरी कळायला नको, असं माणूस हवं. वन्सं घरी आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुला लिहितावाचता येत नाही ना?"

मी म्हटलं, "एवढ्या वर्षांनी चौकशी करताय?"

"टोमणे नको मारू. नोकरी आहे. चहा करायचा, दोन खोल्यांत द्यायचा. पण एका खोलीतला एक शब्द दुसऱ्या खोलीत जाता कामा नये. जमेल?"

हे मागे बसून हसायला लागले. "हिला? हिच्याकडे? अगं तायडे, रेडिओला सांग त्यापेक्षा."

मला असा राग आला! मी म्हटलं, "जमेल. दाखवतेच जमवून."

आणि जमवलं, पोरी. चार महिने जमवलं. तुला खरं वाटणार नाही, माझं मलाच वाटायचं नाही. डावीकडे एकाचं लग्न मोडलं, उजवीकडे एकीला मुलगा झाला, माझ्या ओठांवर नुसतं नाचायचं, पण मी किटली घेऊन जिना ओलांडला की तोंडाला कुलूप. चष्मेवाला मुद्दाम विचारायचा, "ताई, पलीकडे काय चाललंय?" मी म्हणायची, "पलीकडे भिंत आहे." संध्याकाळी वन्सं विचारायच्या, "काही नेलंस?" मी म्हणायची, "रिकामे कप नेले." त्यांनी मला कधी शाबासकी दिली नाही, पण एकदा म्हणाल्या, "वहिनी, तुझ्याबद्दल मी चुकले होते." ते वाक्य मी आठवडाभर मनात घोळवत होते.

हं. आता पुढचं लिही.

डबे तयार झाले. सोमवारी हंडा पेटवायचा ठरला. बुधवारी वन्संची शेवटची तपासणी, ऑफिसच्या मोठ्या खोलीत. त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही खोल्यांची माणसं एकत्र बसली होती, म्हणून मी मोठी किटली घेऊन आत. टेबलावर दोन डबे. मधे शेगडी, शेगडीवर पाण्याचं भांडं, त्यात दोन्ही डब्यांचे थर्मामीटर बुडवलेले. हंड्याची नक्कल. साहेब खुर्चीत, पायावर पाय टाकून. शंभर तपासण्या आधीच झाल्या होत्या, सगळ्या पास. सगळे खुशीत.

वन्संनी शेगडी बारीक ठेवली. दोन्ही डब्यांवर साठचा आकडा, हिरवा दिवा. मग त्यांनी खिशातून पक्कड काढली आणि डाव्या डब्याच्या थर्मामीटरची वायर मधेच तोडली.

डब्याने घंटा वाजवायला हवी होती. वायर तुटली, मला दिसत नाही, धावा! असं ओरडायला हवं होतं. डबा गप्प. साठचा आकडा तसाच. हिरवा दिवा.

चष्मेवाला उभा राहिला. "असं कसं?"

वन्सं म्हणाल्या, "बसा. डाव्याची एक चूक सापडली. चांगलं झालं, आत्ताच सापडली. अशा वेळेसाठीच तर उजवा आहे." त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, उलट मला वाटतं थोडा आनंदच होता. आपली युक्ती आता कामाला येणार म्हणून.

आणि त्यांनी उजव्याची वायर तोडली.

साठ. हिरवा दिवा.

वन्संनी शेगडी मोठी केली. का केली कुणास ठाऊक, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं बहुतेक. भांड्यातलं पाणी सळसळायला लागलं. मग बुडबुडे. मग खदखदा उकळायला लागलं, टेबलावर उतू जायला लागलं, आणि वर दोन डबे, दोन कंपन्यांचे, आठ माणसांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून केलेले, दोघंही शांतपणे सांगतायत, साठ, सगळं ठीक आहे. साठ, सगळं ठीक आहे.

साहेबांनी पाय खाली घेतला. मला एवढंच दिसत होतं की त्या भांड्याच्या जागी हंडा आहे आणि शिडीवर तुझे आजोबा आहेत.

वन्सं एकदम पांढऱ्या पडल्या होत्या. चूक झाली म्हणून नाही गं. तीच चूक दोघांकडून झाली म्हणून. त्यांनी चष्मेवाल्याला विचारलं, "वायर तुटली हे डब्याला कसं कळतं, असं तुम्ही लिहिलंय?"

"आकडा शून्यावर गेला की वायर तुटली, असं."

उंच मुलीला विचारलं. "तुम्ही?"

"शून्य आला की वायर तुटली." तिचा आवाज बारीक झाला.

"जुन्या थर्मामीटरचा काटा शून्यावर जायचा," वन्सं म्हणाल्या. "हे नवे आहेत. वायर तुटली की शेवटचा आकडा धरून बसतात. माझ्या कागदात शून्याचं एक अक्षर नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

चष्मेवाल्याने हात वर केला. त्या मुलीनेही केला. एकाच वेळी. दोन बोटं, दोन्ही माझ्याकडे.

किटली हातात होती माझ्या. ती मी खाली ठेवली की पडली, मला आठवत नाही.

अगं, झालं होतं असं. एकदा चष्मेवाल्याने सहज विचारलं, "ताई, तुमचे मिस्टर हंड्यावर असतात ना? वायर तुटली की काटा कुठे जातो हो?" चिठ्ठी लिहायचा कंटाळा, दुसरं काय. मी घरी यांना विचारलं, हे म्हणाले शून्यावर. मी जाऊन सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्या मुलीने विचारलं. तेच विचारलं! तिलाही तिथेच अडलं होतं, कारण कागदात ते नव्हतंच. मी तिलाही सांगितलं. मला वाटलं, यात काय वाईट? मी डावीकडचं उजवीकडे नेलं नव्हतं, उजवीकडचं डावीकडे नेलं नव्हतं. मी घरचं आणलं होतं. नियमात घरचं कुठे होतं?

मी हेच सगळ्यांसमोर रडत रडत बोलले. "वन्सं, मी एक शब्द इकडचा तिकडे नाही केला हो! शपथ घेऊन सांगते!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चिडल्या असत्या तर परवडलं असतं. पण त्या अशा बघत होत्या की जशी मी भिंत होते आणि भिंतीत दार निघालं.

साहेबांनी लगेच सावरून घेतलं. म्हणाले, "ठीक आहे, एक वाक्य चुकलं. शून्याच्या जागी बरोबर ते लिहा, आज होईल, उद्या पुन्हा तपासा. सोमवार आपला तसाच."

वन्सं म्हणाल्या, "आणि बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"हिने चार महिन्यांत दोन्हीकडे आणखी काय काय सांगितलं ते?"

चार महिने! रोज चार चहा! एकेकाशी घटकाभर बोलणं! आणि विचारणारी माणसं तरी कशी, एकीकडे जे अडायचं तेच दुसरीकडे अडायचं, कारण कागद एकच होता ना. मी अशी खूश व्हायचे की एवढी शिकलेली माणसं मला विचारतात.

त्या संध्याकाळी वन्सं आमच्याकडे वही घेऊन बसल्या. पायताणसुद्धा काढलं नाही. "वहिनी, आठव."

"काय आठवू? मी काय लक्षात ठेवून बोलते का?"

"आठव. दोन्ही खोल्यांत जे जे सांगितलंस ते. दादाला विचारून सांगितलंस ते."

हे कोपऱ्यात बसलेले. "तायडे, पुरे की. तिने काय खून केलाय?"

"दादा, सोमवारी पहिल्या पाळीला कोण आहे हंड्यावर?"

पहिल्या पाळीला हेच होते.

मग मी आठवत गेले. बुधवारी संध्याकाळी, गुरुवारी सबंध दिवस, शुक्रवारी दुपारपर्यंत. त्यांनी मला कामावर जाऊ दिलं नाही. चपात्या लाटतानासुद्धा पाठीमागे वही घेऊन उभ्या. "खाली उकाडा किती असतो" सांगितलं. "शिडीच्या पायऱ्या किती" सांगितलं. "घंटा ऐकू येते का" सांगितलं. "साहेब खाली कधी येतात" सांगितलं, कधीच नाही म्हणून. वन्संनी तेही लिहून घेतलं. चव्वेचाळीस गोष्टी निघाल्या. त्या एकेकीपुढे खूण करत जायच्या, ही चालेल, ही चालेल, हिच्याने काही बिघडत नाही.

शुक्रवारी मला एक आठवलं. "आणि ते पाण्याचं विचारलं होतं."

"काय पाण्याचं?"

"की गार पाण्याचा वॉल उघडला की हंड्यात पाणी यायला किती वेळ लागतो. यांना विचारून सांगितलं मी. दहा मोजेपर्यंत येतं."

वन्संची पेन्सिल थांबली. "दोन्हीकडे सांगितलंस?"

"दोन्हीकडे."

"दादा, तू मोजलं होतंस?"

"मग! हजारदा," हे म्हणाले. "चाक फिरवायचं, एक दोन तीन करत दहाला पाणी."

"चाक कधी होतं?"

चाक काढून तिथे मोटर बसवल्याला दोन वर्षं झाली होती. मोटर हळू फिरते, पाइपांना दणका बसू नये म्हणून. त्यानंतर कुणी मोजलंच नव्हतं. कशाला मोजेल? पाणी तर येतच होतं.

मला समजेना, मी म्हटलं, "थोडा उशीर झाला पाण्याला तर काय मोठंसं?"

वन्सं मला म्हणाल्या, अगदी हळू, "वहिनी, दहाला पाणी येतं असं धरलं तर गोंद बराच तापेपर्यंत डबा वाट बघत बसतो. दोन्ही डबे वाट बघतील, आणि पाणी पोचायच्या आत झाकण उडालेलं असेल. आणि माझ्या टेबलावर हे कधीच सापडलं नसतं. तिथे वॉलही नाही आणि पाण्याचा पाइपही नाही."

शनिवारी सकाळी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या, मला आणि यांना घेऊन. कागद लिहून आणला होता. त्यात काय काय चुकलं ते होतं, आणि ते कुठल्या वाटेने आत आलं तेही. चहा देणारी बाई, तपासनिसाची वहिनी. तिला नेमणारी तपासनीस. स्वतःचं नावही खाली.

साहेबांनी वाचलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, घरचं माणूस आहे तुमचं. 'कागद अपुरा होता' एवढं लिहा. ते खोटं नाही. त्यांचीही नोकरी राहील, तुमचीही."

मला वाटलं, वन्सं हो म्हणतील. देवाशपथ वाटलं. मी त्यांचा पदर धरला होता.

"अपुरा कागद होता असं लिहिलं तर तुम्ही कागद पुरा कराल," त्या म्हणाल्या, "आणि चहा तसाच चालू राहील. पुढच्या वेळी काय येईल त्या वाटेने, मला सांगता येणार नाही. नाव राहू दे. आणि आधी खाली चला, पाणी मोजायचंय."

माझा हात त्यांच्या पदरावरून गळून पडला. सख्ख्या नणंदेने असं माझं नाव लिहावं! मी तेव्हा त्यांचा इतका द्वेष केला की काय सांगू.

खाली गेलो सगळे. हंडा गार होता, रिकामा. झाकण उघडं. वर कुणीतरी बटण दाबायचं आणि खाली आत डोकावून पाणी कधी येतं बघायचं. वन्सं म्हणाल्या, "दादा, तू मोज. तुझ्या नेहमीच्या चालीने."

हे शिडीवर चढले. बटण दाबलं. मोटर घुं घुं करायला लागली.

"एक," हे म्हणाले. "दोन. तीन." मोठ्याने, एका सुरात. साहेब घड्याळ बघत होते. "आठ. नऊ. दहा."

काही नाही. हंडा कोरडा.

यांनी आमच्याकडे वळून बघितलं. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. जणू कुणी त्यांच्या पायाखालची शिडी काढून घेतली आणि ते अजून पडायचे होते. मग परत आत बघत म्हणाले, "अकरा." आवाज फाटला होता. "बारा." पंधरा. वीस. साहेबांनी टोपी काढली. तीस. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आता ये रे पाण्या, ये! पस्तीस. चाळीस.

त्रेचाळीसला पाणी आलं.

हे खाली उतरले आणि जमिनीवरच बसले. म्हणाले, "मीच सांगितलं होतं. मी स्वतः. माझ्याच मरणाचा आकडा मी माझ्या बायकोच्या हाती पाठवला."

वन्सं त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. "तू खोटं नाही सांगितलंस, दादा. तुला एकट्यालाच दोघांनी विचारलं, एवढंच."

सोमवार टळला. सोमवारच काय, पुढचे तीन महिने टळले. माझी नोकरी त्याच दिवशी गेली. वन्संची सही काढून घेतली, त्यांना खाली सामानाच्या खोलीत बसवलं, नटबोल्ट मोजायला. मी तीन महिने त्यांच्याशी बोलले नाही. त्या यायच्या, सासूबाईंजवळ बसायच्या, जायच्या. मी पाठ फिरवून भांडी घासायची. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, पण पटलेलं गिळवत नव्हतं. एवढं प्रामाणिकपणे लिही.

नव्या तपासनिसाने मात्र त्यांचंच ऐकलं. दोन्ही खोल्यांची माणसं हंड्यावर पाठवली, वेगळ्या दिवशी, वेगळ्या पाळीच्या कामगारांकडे, आणि सांगितलं, कुणाला काही विचारू नका, स्वतः मोजा. डावे मोजून आले, एक्केचाळीस. उजवे आले, सत्तेचाळीस. साहेब वैतागले. "आता कुणाचं खरं धरायचं? जुळत का नाही?"

हे घरी येऊन सांगत होते, तेव्हा वन्सं बसलेल्या होत्या. ऐकलं आणि त्या हसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा. "जुळलं नाही? बरं झालं गं बाई. म्हणजे दोघांनी खरंच मोजलं."

मग मोठा आकडा धरला. डाव्यांनी उन्हं उतरल्यावर मोजलं होतं, उजव्यांनी दुपारी, सगळीकडे नळ चालू असताना, पाण्याला जोर कमी असतो तेव्हा. ते जुळलं नाही म्हणूनच तर कळलं, नाहीतर कोण दुपारचा विचार करणार होतं?

हंडा पेटवला त्या दिवशी पहिल्या पाळीला हेच होते. मी सकाळपासून दारात. वन्संनी सामानाच्या खोलीतून रजा काढलेली, त्याही आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. आम्ही अजून बोलत नव्हतो. दहा वाजता कारखान्याकडून घंटा ऐकू आली. लांब, एकसारखी. डबा ओरडत होता.

मी कारखान्याकडे पळायला निघाले. वन्संनी मला काखेत धरलं आणि मोजायला लागल्या. माझ्या कानाशी, पुटपुटत. त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली होती. सत्तेचाळीस झाले. त्या थांबल्या नाहीत, पुढे मोजत राहिल्या. साठ. सत्तर. झाकण उडाल्याचा आवाज आला नाही. घंटा थांबली.

दुपारी हे आले. चालत. हात दोन्ही धड. म्हणाले गोंद चढला होता, पाणी वेळेत आलं, बसला. आणि म्हणाले, जेवायला काय आहे.

मी काहीच केलं नव्हतं. चूल पेटवलीच नव्हती. मी वन्संकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मी म्हटलं, "तुम्ही कांदा चिरा, वन्सं. मी पीठ मळते."